बागबाजार ते डमडम, वाटेत दहा मिनिटं

थंडी विकणाऱ्या माणसाच्या वाट्याला ती फारशी येत नाही. कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या माझ्या वर्कशॉपला पत्र्याचं छप्पर होतं. वैशाखातल्या दुपारी त्या पत्र्याखाली उभं राहून मी लोकांच्या झोपायच्या खोल्या, औषधांची कपाटं आणि दुधाच्या पेट्या गार करून देत असे. गिऱ्हाईक मशीनसमोर उभं राहून "आहा" म्हणायचं आणि मी सदरा पिळायचो.

या अंकाच्या संपादकबाईंनी बजावलं आहे, की धंद्यातलं लिहा, पण तांत्रिक नको. धंदाच तांत्रिक, त्याला मी काय करणार? तरी तो भाग एकाच परिच्छेदात आटोपतो.

थंडी म्हणून काही तयार करता येत नाही. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच काम. ते एक गॅस करतो. काँप्रेसर त्याला दाबतो, दाबलेला गॅस बाहेरच्या जाळीत आपली उष्णता सोडून पातळ होतो, आणि मग एका बारीक भोकातून आत सोडला की मोकळा होऊन एकदम गार पडतो. हातावर स्पिरिट सांडलं की गार लागतं, तसंच. ते भोक सुईच्या टोकाएवढं असतं आणि त्यातून गॅस जाताना सुस्कारा टाकल्यासारखा बारीक आवाज येतो. भोक आणि सुस्कारा एवढं लक्षात ठेवा. बाकीचं विसरलात तरी माझी हरकत नाही.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची असत. बालीगंजच्या एका बॅरिस्टरांनी झोपायच्या खोलीत मोठं मशीन बसवून घेतलं आणि आठवड्यात निरोप पाठवला, की सर्दी होते आहे. मी गेलो तर साहेब माकडटोपी आणि मफलर घालून बिछान्यावर बसलेले. म्हटलं, मशीन थोडं कमी करून देतो. ते म्हणाले, "कमी कशाला? टोपी आहे माझ्याकडे." भवानीपूरच्या एका आजीबाई एकादशीला रेफ्रिजरेटर बंद ठेवत. घरात सगळ्यांना उपास, मग त्यालाच का नाही, असा त्यांचा विचार होता. द्वादशीला दूध नासलं, की मला बोलावणं यायचं. मी जाऊन मशीन तपासायचो आणि कार्ड द्यायचो.

या कार्डाबद्दल सांगायला हवं, कारण मला त्याचा अभिमान होता. आमच्या धंद्यातले बहुतेक लोक दुरुस्ती झाली की मशीनवर एक थाप मारून निघून जात. मी वीस मिनिटं मशीन चालवून, थर्मामीटर लावून, तीन वेळा पारा बघून ते आकडे छापील कार्डावर लिहीत असे. खाली इंग्रजीत "यंत्र सुस्थितीत आहे" असं छापलेलं असायचं आणि त्याखाली माझी सही. माझं आडनाव पाळंदे. बंगाली जिभेला ळ जमत नाही, म्हणून उभ्या कलकत्त्यात मी पालांदेबाबू होतो. पालांदेबाबूंचं कार्ड आहे म्हटल्यावर पुढे कुणी बोलत नसे. मीही बोलू देत नसे.

मूळचा मी साताऱ्याचा. काका केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन कलकत्त्याला आले, त्यांच्यामागून मी आलो. युद्धाच्या दिवसांत अमेरिकन सैन्याच्या बर्फाच्या कारखान्यात लागलो आणि तिथे हे काम शिकलो. युद्ध संपलं, सैन्य गेलं आणि त्यांचा उरलासुरला माल लिलावात निघाला. कलकत्त्यात तेव्हा ज्याच्या त्याच्या घरी डिस्पोजलच्या मालातलं काही ना काही असायचं. कुणाकडे हिरवी ब्लँकेटं, कुणाकडे पत्र्याचे मग. बागबाजारच्या हरधनबाबूंकडे अख्खी पिकअप होती.

हरधनबाबूंचं मिठाईचं जुनं दुकान होतं. संदेश, म्हणजे छेन्याची ती नाजूक मिठाई, ही त्यांची खासियत. ही पिकअप सैन्यानं औषधं नेण्यासाठी वापरलेली होती. मागे बुचाच्या जाड थराची बंद पेटी, पेटीच्या डोक्यावर गार करणारं मशीन आणि ते चालवायला वेगळं छोटं पेट्रोल इंजिन. हरधनबाबूंनी ती लिलावात घेतली, पिवळी रंगवली आणि दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत 'शीतातपनियंत्रित संदेश', म्हणजे एअरकंडिशन्ड संदेश, असं लिहून घेतलं. रोज सकाळी ती बागबाजारहून डमडमच्या विमानतळावर जायची. तिथल्या फराळाच्या दुकानातून परगावी जाणारे लोक संदेशाच्या पेट्या घेत. हरधनबाबू स्वतः दुकानात उघड्या अंगानं ताडाच्या पंख्यानं वारा घेत बसायचे, पण त्यांचा संदेश एअरकंडिशनिंगमधून हिंडायचा.

पहिल्या भेटीत त्यांनी माझं मूळ गाव विचारून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे तुम्ही बर्गी, बंगाल लुटायला येणारे मराठे. तुमच्या घोडेस्वारांना अडवायला आमच्या पूर्वजांनी इथूनच खंदक खणायला घेतला होता, ठाऊक आहे? मराठा खंदक. आणि तुम्ही थर्मामीटर घेऊन सरळ पुढच्या दारानं आलात."

मी म्हटलं, "खंदक बुजवलात, म्हणून आलो."

तेव्हापासून आमचं जमलं. त्या गाडीचं सगळं काम माझ्याकडे आलं.

गाडी चालवायचा निशिकांत. चाळिशी उलटलेला, किडकिडीत, बोलायला कमी. फाळणीआधी तो बारिसालकडे नदीतल्या लाँचच्या इंजिनावर काम करायचा. सगळं मागे टाकून आला आणि डमडमच्या रस्त्यालगत निर्वासितांच्या वस्तीत झोपडी बांधून राहिला. पूर्वेकडून आलेल्यांना इथले जुने लोक बांगाल म्हणत आणि त्या म्हणण्यात फारसं प्रेम नसे. हरधनबाबू माणूस वाईट नव्हता, पण दुकानात काही हरवलं की त्यांची नजर आधी निशिकांतकडे वळायची.

एका वर्षी आषाढात त्या मशीनचं सील गेलं. काँप्रेसरचा दांडा जिथून बाहेर येतो तिथलं हे सील. ते गेलं की गॅस आणि तेल दोन्ही गळतात. मी मशीन उघडलं, सील बदललं, आधीच्या एका कामातला अर्धा डबा तेल माझ्याकडे नीट झाकून ठेवलेलं होतं ते घातलं, गॅस भरला, वीस मिनिटं चालवून बघितलं आणि कार्ड दिलं. काम स्वच्छ झालं होतं. मला ते आवडलंसुद्धा होतं.

पंधरा दिवसांत निशिकांत गाडी घेऊन हजर. संदेश डमडमला पोहोचेपर्यंत मऊ पडतो, एकदोनदा आंबूसही लागला. मी मशीन चालवलं. उत्तम चाललं. पारा पंचेचाळीसवर उतरला. त्या काळी आम्ही फॅरनहाइटमध्ये बोलायचो, तेव्हा पंचेचाळीस म्हणजे चांगलंच गार. कार्ड दिलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच आणि त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. साबणाच्या फेसानं सांधे तपासले, दिव्याच्या ज्योतीवर गॅस गळतो का ते बघितलं, पट्टा ताणून पाहिला. कुठे काही नाही. माझ्या दारात ते मशीन शहाण्या मुलासारखं वागायचं.

तिसऱ्या खेपेला निशिकांत म्हणाला, "बाबू, एक सांगू? निघताना ते छान चालतं. बेलगाछियाचा पूल येईपर्यंत ठीक असतं. मग आतला सुस्कारा थांबतो. इंजिन चालू, पट्टा फिरतो, पण सुस्कारा नाही. डमडमला पोहोचून बंद केलं आणि थोडा वेळ गेला, की पुन्हा चालतं. रुसल्यासारखं करतं."

मी त्याला सांगितलं, की मशीन रुसत नसतं. रुसतात ती माणसं. मशीनला कारण लागतं.

"आज्ञे," तो म्हणाला. बंगालीत वडीलधाऱ्यांना होकार देताना असं म्हणतात. माझं वय तेव्हा त्याच्यापेक्षा कमी होतं. मग त्यानं विचारलं, "एकदा माझ्याबरोबर याल? बागबाजारहून डमडमपर्यंत? भरल्या गाडीत?"

मी म्हटलं, मला वेळ नाही. वेळ होता. पण वीस मिनिटांची माझी चाचणी असताना एका ड्रायव्हरच्या सांगण्यावरून गाडीत बसून फिरायचं, हे मला पटलं नाही. आज एखाद्या रोग्यानं डॉक्टरला आपलं दुखणं जितकं नेमकं सांगावं, तितकं नेमकं त्यानं सांगितलं होतं, हे मला कळतं. तेव्हा मी फक्त त्याचं बोलणं संपायची वाट बघत होतो.

भाद्रपद लागला. कलकत्त्याचा भाद्रपद म्हणजे ओलं घोंगडं पांघरून बसणं. विमानतळावरच्या दुकानदारानं एके दिवशी सगळाच्या सगळा माल परत पाठवला आणि दुर्गापूजेच्या दिवसांत आम्ही दुसऱ्याकडून घेऊ, असा निरोप दिला. पूजेचे दिवस म्हणजे मिठाईवाल्याचं अख्खं वर्ष. हरधनबाबू स्वतः टॅक्सी करून बेहाल्याला आले. एवढ्या लांब ते कधी येत नसत.

"पालांदेबाबू, मला दोन शब्दांत सांगा. मशीन की माणूस?"

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की निशिकांतचं घर वाटेवर आहे. तो रोज तिथे थांबतो, पेटी उघडतो, पोराबाळांना संदेश देतो, गप्पा मारतो, मग पुढे जातो. दुकानातले सगळे हेच म्हणतात. तो म्हणतो मशीन बंद पडतं. आता तुम्ही सांगा."

निशिकांतला थांबताना कुणी बघितलं आहे का, असं मी त्यांना विचारलं नाही. मी फक्त मशीनचं बोललो. तीन वेळा तपासलं, तीन वेळा ठीक निघालं. त्यांनी ते लेखी मागितलं. मी कोरं कार्ड घेऊन इंग्रजीत लिहिलं, "यंत्रात कोणताही दोष नाही," आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी निशिकांतला काढलं. ते कार्ड त्याच्यापुढे धरून काढलं, असं मला नंतर समजलं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. काय लिहिलं आहे ते हरधनबाबूंनीच त्याला वाचून दाखवलं.

हरधनबाबूंनी गाडीवर आपला भाचा बसवला. संदेश मऊ पडायचा तसाच पडत राहिला. पण भाचा घरचाच असल्यामुळे आता दोष भाद्रपदाच्या उकाड्याचा ठरला.

इथे माझी आई गोष्टीत येते. त्याच वैशाखात ती साताऱ्याहून कायमची माझ्याकडे राहायला आली होती. आल्या आल्या तिनं कैरीचं लोणचं घातलं, चिनी मातीच्या बरणीत भरलं आणि बरणीच्या तोंडाला दादरा बांधला. दादरा म्हणजे स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या फडक्याचा तुकडा, वरून दोऱ्यानं आवळलेला. आमच्या घरात जे म्हणून टिकवायचं, त्याला दादरा. लोणचं, मोरांबा, चिंच, सगळ्याला. लहानपणी दोरा आवळायला माझं बोट लागायचं.

भाद्रपदात एका रविवारी जेवताना आईनं बरणी उघडली आणि मला हाक मारली. लोणच्यावर पांढरी बुरशी चढली होती.

"मीठ कमी पडलं असेल," मी म्हटलं.

"चाळीस वर्षं लोणचं घालते आहे मी. मिठाचं मला सांगू नकोस."

"मग दादरा सैल झाला असेल."

"दादरा घट्ट आहे. हवाच तुझ्या या गावची ओली. पापड ताटात मऊ पडतो, मीठ डब्यात पाझरतं, काड्यापेटी पेटत नाही. साताऱ्याला फडकं बांधलं की धूळ बाहेर राहते आणि हवा खेळते. इथे हवा खेळते म्हणजे पाणीच आत शिरतं. फडक्यानं पाणी अडतं होय रे?"

मी जेवायचा थांबलो. आईला वाटलं, मला लोणच्याचं वाईट वाटलं.

बेहाल्याच्या वर्कशॉपमध्ये, खिडकीजवळच्या फळीवर, काँप्रेसरच्या तेलाचा तो अर्धा डबा होता. त्याचं झाकण कधीच हरवलं होतं. मी त्याच्या तोंडाला स्वच्छ धुतलेलं पांढरं फडकं बांधलं होतं आणि दोरा चांगला घट्ट आवळला होता.

हे तेल वातीच्या तेलासारखं नसतं. ते मुद्दाम कोरडं केलेलं असतं आणि कोरडं असतं म्हणूनच ओल ओढून घेतं. हे मला माहीत होतं. अमेरिकन सार्जंटनं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की डबा उघडला की वापरायचा, उरलं तर फेकायचं. पण साताऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला अर्धा डबा चांगलं तेल फेकायला सांगणं सोपं नाही. मी ते फेकलं नाही. दादरा बांधून ठेवलं.

सोमवारी सकाळी आईची लोखंडी पळी घेऊन वर्कशॉपला गेलो. डब्यातलं थोडं तेल पळीत घेऊन स्टोव्हवर धरलं. कोरडं तेल गुपचूप तापतं. हे तडतडलं, मोहरी घातल्यासारखं. तेलात पाणी होतं. ती पळी आईनं पुन्हा स्वयंपाकघरात घेतली नाही.

पुढचं सगळं मग आपोआप सुटत गेलं. तेलातलं ते थेंबभर पाणी गॅसबरोबर फिरत राहतं. ते सुईच्या टोकाएवढ्या भोकाशी आलं, की तिथल्या थंडीनं गोठतं. कणाकणानं बर्फ साचतो आणि अर्ध्यापाऊण तासात, भरलेला ताजा, कोमट संदेश पुरता गार व्हायच्या आतच, भोक बंद होतं. सुस्कारा थांबतो. मशीन बंद करून थोडा वेळ गेला, की बर्फ वितळतो आणि सगळं पुन्हा ठीक. माझ्या दारात मशीन नेहमी कोमट यायचं, कारण रिकामी पेटी गार करत कुणी बेहाल्याला येत नाही. मग मी वीस मिनिटं चालवायचो. त्या मशीनला रुसायला चाळीस लागायची.

बागबाजारहून निघून श्यामबाजारच्या पाच रस्त्यांवरची गर्दी ओलांडून बेलगाछियाच्या पुलाशी यायला साधारण चाळीस मिनिटं लागतात.

मंगळवारी सकाळी मी बागबाजारला गेलो आणि हरधनबाबूंना म्हटलं, आज मी गाडीतून येतो, तुम्हीही चला. ते माझ्याकडे बघत राहिले, पण सदरा चढवून आले. भाचा गाडी चालवत होता, मी आणि हरधनबाबू शेजारी दाटीवाटीनं. श्यामबाजारला ट्रामच्या मागे अडकलो. पूल ओलांडला आणि मी गाडी कडेला घ्यायला सांगितली. पेटीवर चढून त्या बारीक भोकाच्या व्हॉल्व्हला कान लावला. इंजिन चालू, पट्टा फिरतो आहे, सुस्कारा नाही.

कडेच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी घेतलं, त्यात फडकं बुडवलं आणि व्हॉल्व्हवर धरलं. हा आमच्या धंद्यातला सगळ्यात साधा उपाय. मिनिटभरात सुस्कारा सुरू झाला आणि नळीवर पुन्हा दव धरलं. हरधनबाबू खाली उभे राहून बघत होते. हात लावून बघा, म्हटलं. त्यांनी लावला.

"म्हणजे मशीन?" त्यांनी विचारलं.

"नाही. मशीनचा काही दोष नाही."

"मग माणूस?"

"माणूस. पण तो नव्हे. मी."

मग मी त्यांना तेलाचं, फडक्याचं, लोणच्याचं सगळं सांगितलं. चहावाल्यानंही ऐकलं. हरधनबाबूंनी गार पडलेला हात सदऱ्याला पुसला. ते म्हणाले, "बर्गी गावं लुटून जायचे. पण परत येऊन 'मी लुटलं' असं कुणी सांगितल्याचं ऐकलं नाही." आणि मग, गाडीत चढताना, माझ्याकडे न बघता, "त्याला शोधा. गाडी त्याची आहे."

दोन दिवस मशीन उघडून बसलो. सगळं तेल काढलं, नळ्या धुतल्या, गरम करून सुकवल्या, हवा ओढून घेतली, ओल शोषणाऱ्या दाण्यांची नवी नळी बसवली आणि तेलाचा नवा, सीलबंद डबा फोडला. उरलेलं तेल अंगणात ओतून दिलं. ओतताना हात जरा अडखळला, हे खरं सांगतो.

निशिकांत मला श्यामबाजारच्या नाक्यावर सापडला. दिवसाच्या कामासाठी ड्रायव्हर लोक सकाळी तिथे उभे राहत. मला बघून त्यानं नमस्कार केला. त्या नमस्कारानं मी जास्तच ओशाळलो. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सुस्कारा थांबल्याचं तुम्हाला कळलं होतं, मला कळायला हवं होतं, असंही म्हटलं. माझ्या तोंडून त्याच्यासाठी पहिल्यांदाच 'निशिकांतबाबू' गेलं.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"मालकांनी काढलं त्याचं काही नाही, बाबू," तो म्हणाला. "कुणीतरी काढणारच. पण वस्तीत सगळ्यांना कळलं, की मी रोज वाटेत थांबून संदेश वाटायचो म्हणून मला काढलं. बायकोनं विचारलं, रोज थांबत होतात तर घरी कधी का आला नाहीत? संदेशाचा एक तुकडा आम्ही कधी बघितला नाही. मग थांबत होतात तरी कुणाकडे?"

तो रस्त्याकडे बघत पुढे म्हणाला,

"मी सांगितलं, कुठेच थांबत नव्हतो. ती म्हणाली, साहेबानं इंग्रजीत लिहून दिलं आहे, ते खोटं कसं असेल? महिना झाला, बाबू. ताट वाढते. बोलत नाही."

माझं ते कार्ड त्याच्या नोकरीपर्यंतच गेलं असेल, अशी माझी समजूत होती. ते त्याच्या चुलीपर्यंत गेलं होतं. मला त्या नाक्यावर मनापासून लाज वाटली, आणि इतक्या वर्षांनी लिहितानाही ती पूर्ण गेलेली नाही.

कामावर परत यायला तो तयार होता. त्याच्या दोन अटी होत्या. मी नवं कार्ड लिहायचं, ते बांग्लात. आणि पहिल्या दिवशी भरल्या गाडीतून मी त्याच्याबरोबर डमडमपर्यंत जायचं.

पूजेला आठवडा राहिला होता. पहाटे न्हाऊन तो दुकानात आला. हरधनबाबूंनी त्याच्या हातात किल्ली दिली आणि पंख्यानं वारा घेऊ लागले. त्यांच्या परीनं ती माफी होती. मी पेटीत थर्मामीटर लावला. त्याचे आकडे पेटीच्या पुढच्या भिंतीतल्या काचेतून ड्रायव्हरच्या केबिनमध्ये वाचता यायचे. पेट्या भरल्या, दार लावलं, निघालो. वाटेत मी त्याला कार्ड दिलं. माझं बांग्ला अक्षर काही वळणदार नाही, पण वाचता येण्यासारखं होतं. "दोष दुरुस्ती करणाऱ्याचा होता. यंत्र वाटेत बंद पडत असे. निशिकांत दास यांनी हे मला आधीच सांगितलं होतं आणि ते खरं होतं." त्यानं ते न वाचता खिशात ठेवलं.

श्यामबाजार गेलं. पूल आला. दोघांनीही कान दिले. सुस्कारा चालू होता. तो पुढे बघत गाडी चालवत राहिला.

डमडमच्या थोडं अलीकडे त्यानं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. पेटीवरचं छोटं इंजिनही बंद केलं. समोर बांबूच्या तट्ट्यांची झोपडी होती.

"माझं घर," तो म्हणाला आणि उतरून आत गेला.

मी गाडीत बसून राहिलो. मागे विमानतळाचा पूजेचा पहिला माल, मशीन बंद, ऊन चढत चाललेलं. मी जरा अस्वस्थ झालो. पण बसल्या बसल्या मला एक गोष्ट आठवली, जी मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. चार बोटं जाड बुचाची ती पेटी. एकदा पुरती गार झाली, की तिचं दार क्षणभर उघडून लावलं तरी दहा मिनिटांत आतल्या थंडीचं काहीही बिघडत नाही. तासभरही फारसं बिघडत नाही. सैन्यानं ती त्यासाठीच बनवली होती. म्हणजे निशिकांत रोज घरी थांबत असता, पाणी पीत असता, तरी संदेश आंबला नसता. हरधनबाबू माझ्या वर्कशॉपमध्ये उभे राहून जे म्हणत होते, ते मुळातच होण्यासारखं नव्हतं आणि हे सांगू शकणारा कलकत्त्यात बहुधा मी एकटाच होतो. मी बोललो नाही, कारण मला कुणी पेटीबद्दल विचारलं नव्हतं. मला मशीनबद्दल विचारलं होतं.

त्या दिवसानंतर मी छापील कार्डं बदलली. "यंत्र सुस्थितीत आहे" याच्याऐवजी "मी बघितलं तेवढा वेळ यंत्र ठीक चाललं" असं छापून घेतलं. गिऱ्हाइकांना ते आवडायचं नाही.

निशिकांत बाहेर आला. मागोमाग त्याची बायको दारापर्यंत आली. डोक्यावर पदर, हातात माझं कार्ड. ती एकदा माझ्याकडे बघून आत वळली. तिनं मला नमस्कार केला नाही. तिचं बरोबर होतं.

तो येऊन बसला. मिशीला पाण्याचे थेंब लागले होते.

"किती वेळ झाला, बाबू?"

मी घड्याळ बघितलं. "दहा मिनिटं."

"पारा?"

मी काचेत बघितलं. "होता तिथेच आहे. पंचेचाळीस."

"मग आणखी एक कार्ड लिहा. बांग्लात. मालकांसाठी. निशिकांत दास वाटेत घरी दहा मिनिटं थांबला. पारा पंचेचाळीस."

मी गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं आणि सही केली. त्यानं कार्ड माझ्या हातातून घेतलं, एकेका शब्दावर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचलं, आणि मगच गाडी सुरू केली.